उभं वाचन

"टेम्परेचर?"

"तापमान."

"टेंडन?"

"स्नायूला हाडाशी बांधून ठेवणारी दोरी."

"टॉक्सिक?"

"पारदर्शक," नात म्हणाली. "ज्यातून आरपार दिसतं ते."

रविवारची दुपार होती. जेवणं झाली होती, ताटं अजून टेबलावरच होती, आणि आजोबा खुर्चीत रेलून नातीची परीक्षा घेत होते. पुस्तक मिटलेलं होतं, कारण आजोबांना त्यातले शब्द पाठ होते. इंग्रजी विज्ञानशब्दांचं ते खिशात मावणारं पुस्तक, शब्द, उच्चार, अर्थ आणि वाक्यात उपयोग अशा चार रकान्यांचं, त्यांनीच तर तपासलं होतं.

"चूक," आजोबा हसून म्हणाले. "टॉक्सिक म्हणजे विषारी."

"नाही. पारदर्शक."

"अगं, नीट आठव."

"आठवून काय करू? छापलंय तसं." तिने पुस्तक आणलं, बावन्नावं पान काढलं आणि त्यांच्या नाकाखाली धरलं. टॉक्सिक. उच्चार बरोबर, एकेक मात्रा जागच्या जागी. पुढे अर्थ: पारदर्शक, ज्यातून आरपार दिसते असा. त्याच्या पुढे वाक्य: धिस लिक्विड इज टॉक्सिक.

आजोबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. अक्षरं तीच राहिली. त्यांनी वरच्या ओळीवर बोट ठेवलं. टॉर्क: विषारी, जिवाला अपाय करणारा. त्याच्या वर टिश्यू: वस्तूला पीळ देणारा जोर. त्यांच्या पायाखालची जमीन सरकली हे म्हणणं सोपं आहे. खरं तर त्यांचं बोट पानावरून उचलेना. तसेच बसून राहिले, जणू बोट काढलं तर उरलेली अक्षरंही पळून जातील.

हा माणूस कोण, ते सांगायला हवं, नाहीतर एका चुकीचं एवढं काय असं वाटेल. छापखान्यात त्यांना अनुस्वारकाका म्हणत. सुटलेला अनुस्वार त्यांना हातभर अंतरावरून दिसे, चष्म्याशिवाय. एकतीस वर्षं त्यांनी प्रुफं तपासली: लग्नपत्रिका, पावत्या, शाळांची पुस्तकं, गाड्यांची वेळापत्रकं. एकदाही कुणी 'ध'चा 'मा' झाला म्हणून परत आलं नाही. एकदाही शुद्धिपत्र छापावं लागलं नाही. तो शब्दही ते उच्चारत नसत; दुसऱ्या छापखान्यात कुणाचं शुद्धिपत्र निघालं असं ऐकलं, की कुणाच्या घरी काही वाईट घडल्यासारखे आवाज खाली आणून विचारत, "कितव्या पानाचं?"

त्यांची एक पद्धत होती. रकान्यांचं काम आलं की ते उभं वाचायचं. आधी सगळे इंग्रजी शब्द वरून खाली, ते स्वतः, अक्षर अक्षर सुटं करून. मग उच्चारांचा रकाना वरून खाली, मग अर्थांचा. आडवं कधीच नाही. "आडवं वाचलं की डोळा अर्थाच्या मागे लागतो, आणि अक्षर निसटतं," ते नव्या लोकांना बजावत. "प्रूफवाल्याला अर्थ कळायला लागला की समजा त्याला झोप लागली." पूर्वी छापखान्यात मूळ प्रत मोठ्याने वाचायला वेगळा माणूस असे. ती जागा गेली, तेव्हा ते काम त्यांच्या बायकोने, म्हणजे काकूंनी, घरात घेतलं. काकूंना इंग्रजी येत नव्हतं, पण उच्चार आणि अर्थ मराठी अक्षरांत, म्हणून अडत नव्हतं. त्या टेबलाच्या एका बाजूला बसून मूळ कागद वाचत, काका दुसऱ्या बाजूला प्रुफावर बोट सरकवत. हे पुस्तक चाललं होतं तेव्हा काकूंना तर त्या शब्दांचा नादच लागला होता. "साखर अजून सोल्युबल झाली नाही, ढवळा," असं म्हणत त्या चहा पुढे करायच्या. काका रागावले की म्हणायच्या, "थर्मामीटर वर चाललाय हं."

आत्ता त्याच काकू ताटं उचलता उचलता थांबल्या. "काय झालं हो? असे का बसलात?"

"बावन्न पान," काका म्हणाले.

कसं झालं ते त्यांना लगेच कळलं, आणि कळल्याने काही बरं वाटलं नाही. पुस्तक लिहिणारे निवृत्त गुरुजी. त्यांनी रकान्यागणिक वेगळे कागद दिले होते. छपाईच्या अगदी तोंडावर त्यांनी टिश्यूच्या वर एक शब्द घातला, टाइड, आणि पानाची लांबी तीच राहावी म्हणून तळाचा टर्बाइन काढायला सांगितला. काकांनी शब्दांच्या, उच्चारांच्या आणि वाक्यांच्या कागदावर तो बदल केला. अर्थांचा कागद तेव्हा टायपिंगवालीकडे होता. आला की करू, म्हणाले. कागद आला, करणं राहिलं. टाइडचा अर्थ आलाच नाही, टर्बाइनचा गेलाच नाही. घरं सारखीच भरली, एकही रिकामं दिसेना. फक्त टाइडपासून खाली प्रत्येक शब्दाला पुढच्या शब्दाचा अर्थ मिळाला. मग काकूंनी तोच जुना कागद वरून खाली वाचला आणि काकांनी बोट वरून खाली सरकवलं. अक्षर न अक्षर जुळलं. पानभर एकही चूक नव्हती आणि पान पार चुकलं होतं.

आणि टॉक्सिक म्हणजे काय, हे काकांना ठाऊक नव्हतं असं थोडंच आहे? झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगितलं असतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

"बरं, एवढं काय," काकू म्हणाल्या. "हिला सांगितलंत ना बरोबर काय ते? झालं."

नातीला घरात भिंगरी म्हणत, एका जागी ठरत नाही म्हणून. ती आत्ता मात्र खुर्चीला टेकून उभी होती. "पण आम्ही लेबलं लावलीत," ती म्हणाली.

"कसली लेबलं?"

"विज्ञानाच्या बाई रजेवर आहेत ना. चित्रकलेच्या बाई येतात त्यांच्या तासाला. त्या म्हणाल्या, पुस्तकातले शब्द घ्या, चिठ्ठ्या रंगवा आणि वर्गातल्या वस्तूंना लावा. मी खिडकीच्या काचेला टॉक्सिक लावलं. आणि पिण्याच्या पाण्याच्या जारला. बाई म्हणाल्या, छान."

काकूंच्या हातातली ताटं पुन्हा टेबलावर आली.

"आठवडाभर आम्ही टॉक्सिकच पितोय," भिंगरी जरा हसून म्हणाली. कुणी हसलं नाही, तेव्हा तिने घाईने पुढचं सांगितलं, "आणि उद्या द्रवांचा तास आहे. तक्ता भरायचाय. रंग, वास, चव. घरून आणायचेत, दूध, तेल, सरबत असं काहीबाही. पण आमच्या गटाने ठरवलंय, प्रयोगशाळेच्या कपाटातली बाटली घ्यायची. तिच्यावर कंपनीनेच टॉक्सिक छापलंय. अगदी पाण्यासारखं स्वच्छ आहे आतलं."

काकांनी विचारलं ते अगदी हळू आवाजात. "कपाटाला कुलूप असतं ना?"

"असतं. किल्ली पण तिथेच लटकवलेली असते."

"तू हात लावायचा नाहीस. कळलं? ते विष आहे."

"मी नाही लावणार," भिंगरी म्हणाली. तिचा चेहरा उतरला होता. "पण बाकीच्यांना कुठे माहितीय?"

शाळेचा फोन वाजत राहिला. रविवारी कोण उचलणार? मुख्याध्यापिकेचा नंबर कुणाकडे नव्हता. भिंगरीच्या आईला, म्हणजे काकांच्या लेकीला, तिच्या गटातल्या दोन मुलींच्या घरचे नंबर माहीत होते. तिने तिथे फोन करून सांगितलं. उरलेल्या तिघींचे मिळेनात. आणि वर्ग चाळीस जणांचा.

काका पायांत चपला अडकवून छापखान्याच्या मालकाच्या घरी गेले. मालक दुपारची झोप मोडल्यामुळे आधीच वैतागलेला. त्याने दारातच पुस्तक चाळलं. "टॉर्क म्हणजे विषारी," त्याने वाचलं आणि हसला. "काका, तुमच्या हातून? सूर्य पश्चिमेला उगवला म्हणायचा. असू द्या, पुढच्या महिन्यात एक चिठ्ठी छापून पाठवू सगळीकडे."

"खालची ओळ वाचा," काका म्हणाले.

मालकाने खालची ओळ वाचली. शब्द, अर्थ, वाक्य, असं आडवं. मग पुन्हा वाचली. त्याचं हसू कुठल्या कुठे गेलं. "अठ्ठावीसशे प्रती गेल्यात," तो म्हणाला. "बावीस शाळा." त्याने काकांना आत घेतलं, शाळांची यादी काढली, आणि दोघे संध्याकाळपर्यंत एकेक नंबर फिरवत बसले. सात ठिकाणी माणूस भेटला. भिंगरीची शाळा त्या सातांत नव्हती.

त्या रात्री काकांना झोप लागली नाही, हे वेगळं सांगायला नको. सकाळी घंटेच्या अर्धा तास आधी भिंगरीला घेऊन ते शाळेच्या फाटकाशी उभे होते. शिपाईबाई कुलूप काढत होत्या. मुख्याध्यापिका यायच्या होत्या. "तुम्ही बसा बाकावर," शिपाईबाई म्हणाल्या. काका बसले नाहीत. आयुष्यभर नाकासमोर चाललेला माणूस, पण त्या दिवशी परवानगीबिरवानगीची वाट न बघता नातीमागून जिना चढला.

प्रयोगशाळेचं कपाट उघडं होतं. आत बाटल्यांच्या रांगेत एका बाटलीएवढी जागा मोकळी होती, आणि त्या जागी फळीवर गोल डाग.

"मागच्या दाराने लवकर येतात काही जणी," भिंगरी म्हणाली. ती पळत सुटली. काका मागून धावले; गुडघ्यांनी केव्हाच राजीनामा दिला होता, तरी धावले.

वर्गात तीन मुली होत्या. बाकावर आखीव तक्ता होता, सुबक रेघा मारलेला. वाट्या मांडल्या होत्या, दूध, तेल, साखरेचं पाणी. चौथ्या वाटीत स्वच्छ, आरपार दिसणारं काहीतरी होतं, आणि शेजारी ती बाटली, झाकण उघडलेली. दोन वेण्यांच्या एका मुलीच्या हातात चमचा होता. चमचा भरलेला होता. तक्त्यात रंग लिहून झाला होता. वासाच्या घरात लिहिलं होतं, तिखट.

काका पुढे झाले आणि त्यांनी चमच्यावर आपला पंजा दाबून धरला, वाटीत, बाकावर, तक्त्यावर सगळं सांडलं. मुलगी दचकून मागे सरली. ती घाबरली नव्हती, नवल करत होती. भिंगरीचे आजोबा वेडेबिडे झाले की काय, असं तिच्या डोळ्यांत दिसत होतं.

"आजोबा, ते काही नाहीये," ती त्यांची समजूत काढत म्हणाली. "टॉक्सिक आहे. बघा ना, बाटलीवर लिहिलंय."

काका मटकन बाकावर बसले. तळहात ओला होता, त्याला स्पिरिटसारखा वास येत होता. त्यांनी विचारलं, "चाखलंस?"

"नाही. आधी वास लिहायचा होता."

"कुणी चाखलं?"

"कुणीच नाही. माझाच पहिला नंबर होता."

काकांचा जीव भांड्यात पडायला हवा होता. पडला नाही. तो कुठेतरी वाटेतच अडकून राहिला. तक्त्यावरची शाई पसरत होती आणि चवीचं घर कोरं होतं. त्या कोऱ्या घराकडे बघत ते कितीतरी वेळ बसले. भिंगरीने त्यांना नळाकडे नेलं आणि हात धुवायला लावले, लहान मुलाचे धुतात तसे.

मुख्याध्यापिका आल्या, त्यांनी सगळं ऐकून घेतलं. चित्रकलेच्या बाई रडायलाच लागल्या. बाटली आत गेली, किल्ली मुख्याध्यापिकांच्या पर्समध्ये गेली, जारवरची चिठ्ठी निघाली. पण घंटा होऊन वर्ग भरला, तेव्हा काका म्हणाले, "मला दोन मिनिटं द्या. मुलांशी बोलायचंय."

ते फळ्याजवळ उभे राहिले. असं चार लोकांत उभं राहायची त्यांना सवय नव्हती. त्यांचं सगळं आयुष्य समासात गेलेलं. त्यांनी विचारलं, "टॉक्सिक म्हणजे काय?"

चाळीस मुलं एका सुरात म्हणाली, "पारदर्शक." काय खणखणीत आवाज. उच्चार तर इतका शुद्ध की गुरुजींनी पाठ थोपटली असती.

"विषारी," काका म्हणाले. "टॉक्सिक म्हणजे विषारी. पुस्तकात चुकलंय. मी तपासलं होतं ते पुस्तक. चूक माझी आहे."

छापलेलं चुकतं ही गोष्ट त्या मुलांनी प्रथमच ऐकली असावी. त्यांच्या चेहऱ्यांवर विश्वास नव्हता, म्हणजे काकांवर नव्हता, पुस्तकावर होता. एकाने तर दप्तरातून पुस्तक काढून पान बघितलं, खात्री करून घेतली आणि शेजाऱ्याला दाखवलं: हे बघ, बरोबर आहे. काकांनी मग खडूने फळ्यावर टाइडपासूनचे सातही शब्द त्यांच्या खऱ्या अर्थांसकट लिहिले आणि प्रत्येकाला पुस्तकात दुरुस्त करायला लावलं. चाळीस पेनं खरडू लागली. अठ्ठावीसशेतल्या चाळीस प्रती.

दोन वेण्यांची मुलगी पहिल्या बाकावर होती. तिने लिहून झाल्यावर हात वर केला.

"आजोबा, मग बाकीची पानं बरोबर आहेत का?"

काकांनी तोंड उघडलं. हो म्हणणार होते. एकतीस वर्षं तेच म्हणत आले होते. "माहीत नाही," ते म्हणाले.

घरी आले तेव्हा काकू दारातच उभ्या होत्या. काकांनी सगळं सांगितलं, चमच्यासकट. काकूंनी तोंडावर पदर धरला. पाणी दिलं, ते काकांनी प्यायलं नाही. मालकाचा निरोप आला होता, सगळ्या शाळांना कळवलं, प्रती परत मागवल्या. तोही काकूंनी सांगितला.

"अहो," काकू मग म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज बदललेला होता. "ते औषधाचं कार्ड हो. लहान मुलांच्या तापाचं. वजन किती, वय किती, चमचे किती. दवाखान्यांत लावायचं होतं ते. ते आपण कसं वाचलं होतं?"

काकांनी त्यांच्याकडे पाहिलं. दोघांनाही आठवत होतं.

"उभं," काका म्हणाले.

बारा वर्षं झाली होती त्या गोष्टीला. भिंगरीचा जन्मही झाला नव्हता तेव्हा. काकूंनी खुर्ची ओढली आणि माळ्यावरून पत्र्याची पेटी खाली घेतली. तपासलेल्या प्रत्येक कामाची एक प्रत काका जपून ठेवत, कौतुकाने. एखादी आई मुलांची प्रगतिपत्रकं ठेवते तशी. त्यांनी पेटीत हात घातला. कार्ड सापडलं, खाली डॉक्टरांच्या हातची मूळ प्रतही टाचलेली होती. दोघे टेबलाशी समोरासमोर बसले, नेहमीच्या जागी. यावेळी काकूंनी आडवं वाचायला सुरुवात केली. वजन पाच किलो, वय तीन महिने, अर्धा चमचा. काका बोट आडवं सरकवत होते. वजन सात किलो. वजन नऊ किलो. एकेका ओळीला ते श्वास धरत आणि ओळ संपली की सोडत.

अकरा ओळी. अकराही बरोबर निघाल्या.

काकूंनी देवाचं नाव घेतलं आणि डोळे पुसले. "बघा," त्या म्हणाल्या. "उगाच जीव टांगणीला लागला होता. बरोबर आहे सगळं."

"बरोबर आहे," काका म्हणाले. "पण आपण ते कुठे तपासलं होतं?"

तिथे टेबलावर पेटी उघडी होती, काठोकाठ भरलेली, एकतीस वर्षांच्या कामाने. काकांना वाटत आलं होतं की हे सगळे कागद त्यांच्यामुळे बरोबर आहेत. आता त्यांना कळेना, यातले किती नुसतेच नशिबाने बरोबर निघाले होते.

"पुढचं घ्या," काकू म्हणाल्या, आणि त्यांनी पेटीतून हाताला लागेल ते पुस्तक काढून पहिल्या ओळीवर बोट आडवं ठेवलं.